देशाचे चॅम्पियन २०१४ पासून मोजू नका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी तिस्क-उसगावचा, फोंड्याला माझं गाड्यांच्या स्पेअर पार्ट्सचं दुकान आहे आणि तुमचा पेपर आमच्या घरी वडिलांच्या वेळेपासून येतो. पेपरला पत्र पहिल्यांदाच लिहितोय त्यामुळे लांबलं तर समजून घ्या, कापायचंच झालं तर माझ्याबद्दलचं कापा पण आकडे कापू नका ही विनंती.

गेल्या आठवड्यात क्रीडा पानावर फुटबॉल सीझनचा लेख आला होता. लेख चांगला होता, त्याबद्दल काही तक्रार नाही. पण त्याच्या बाजूला जी चौकट होती, ‘देशाचे फुटबॉल चॅम्पियन’ असं नाव दिलेली, ती वाचली आणि दुकानात गिऱ्हाईक समोर उभं असताना मी परत परत तीच वाचत राहिलो. यादी २०१४ पासून सुरू. एटीके, चेन्नईयिन, बेंगळुरू, मुंबई सिटी, हैदराबाद, मोहन बागान, सगळे आहेत आणि खाली एक ओळ, ‘गोव्याला अजून विजेतेपदाची प्रतीक्षा’. त्या एका ओळीसाठी हे पत्र आहे.

आयएसएलपुरतं (म्हणजे २०१४ ला आलेली इंडियन सुपर लीग) बोलायचं तर ते खरंच आहे. एफसी गोवा २०१५ ला फातोर्ड्यात, आपल्याच लोकांसमोर, चेन्नईयिनकडून ३-२ ने फायनल हरली. २०१९ ला मुंबईत बेंगळुरूकडून एक्स्ट्रा टाइममध्ये १-० ने हरली. दोन्ही वेळा मला रात्रभर झोप नव्हती. पण चौकटीचं नाव ‘आयएसएलचे चॅम्पियन’ असं नव्हतं, ‘देशाचे चॅम्पियन’ असं होतं, आणि देशाची लीग काही २०१४ ला सुरू झाली नाही. ती १९९६-९७ ला नॅशनल फुटबॉल लीग या नावाने सुरू झाली, पहिला चॅम्पियन फगवाड्याचा जेसीटी. २००७ ला तिचं नाव बदलून आय-लीग झालं. लीग तीच, क्लब तेच, कप जिंकायचा तर कोलकात्यापासून पंजाबपर्यंत फिरून जिंकायचा.

त्या लीगमध्ये गोव्याने काय केलं ते लिहितो, कृपया जसंच्या तसं छापा. १९९८-९९ साळगावकर. २००४-०५ डेंपो. २००६-०७ डेंपो. २००७-०८ परत डेंपो. २००८-०९ चर्चिल ब्रदर्स. २००९-१० डेंपो. २०१०-११ साळगावकर. २०११-१२ डेंपो. २०१२-१३ चर्चिल ब्रदर्स. मोजा, नऊ भरतात. १९९६-९७ ते २०१२-१३ असे १७ सीझन झाले त्यातले ९ गोव्याचे. मोहन बागान आणि ईस्ट बंगाल, ज्यांच्या मॅचला लाखभर माणूस यायचा, ते दोघं मिळून ६. बाकी जेसीटी एक, मुंबईची महिंद्रा युनायटेड एक. आणि आपल्या नऊमधले शेवटचे सात तर ओळीने आहेत, मध्ये एकही खंड नाही. सात सीझन कप गोव्याबाहेर गेलाच नाही, पणजीहून मडगाव, मडगावहून परत पणजी, मग वास्को असा फिरत राहिला. २०११ च्या जनगणनेत आपण सगळे मिळून साडेचौदा लाख माणसं होतो. साडेचौदा लाखांच्या राज्यातल्या तीन वेगवेगळ्या क्लबांनी सात वर्षं सगळ्या देशाला कप दिला नाही आणि आता आपल्याच पेपरात आपल्याच भाषेत आपण वाचतो की गोव्याला अजून प्रतीक्षा आहे.

मला राग आला हे खरं. पण राग आला त्यापेक्षा जास्त, माझ्या वडिलांची आठवण आली.

बाबा खाणीवर ट्रक चालवायचे. खाणीवरून माल भरायचा, जेटीवर बार्जीसाठी खाली करायचा, परत वर, दिवसभर तेच, घरी आले की कानाच्या पाळीपर्यंत लाल धूळ. त्यामुळे डेंपो, साळगावकर ही नावं आमच्या घरात आधी खाणीची होती आणि मग फुटबॉलची. खाणवाल्या पात्रांवांनी (मालकांनी) क्लब पोसले, कामगारांनी ते आपले मानले, आमच्या भागात फुटबॉल असंच शिरलं. लोकांना वाटतं फुटबॉल म्हणजे सासष्टी आणि आम्ही फोंडा-डिचोली-सत्तरीवाले क्रिकेटचे. असं कधीच नव्हतं हो. भाताची कापणी झाली की आमच्याकडेही शेतात दोन काठ्या इकडे दोन तिकडे रोवून काळोख पडेपर्यंत खेळ चालायचा, मेरेवर (बांधावर) आपटून माझ्या गुडघ्याला झालेली खूण अजून आहे. ब्रह्मानंद शंखवाळकर देशाचा गोलकीपर होता, संतोष ट्रॉफी १९८३-८४ ला गोव्याने जिंकली तेव्हा कॅप्टन तोच आणि अख्ख्या स्पर्धेत त्याने एक गोल खाल्ला नाही. डेंपोच्या डिफेन्समध्ये महेश गवळी आणि समीर नाईक वर्षानुवर्षं उभे होते. ही नावं अशी वेगळी काढून सांगायची वेळ यावी हेच मला बरं वाटत नाही, क्लायमॅक्स लॉरेन्स काय आणि समीर नाईक काय, दोघं एकाच जर्सीत खेळले आणि आम्ही दोघांसाठी सारखेच ओरडलो. पण मराठी पेपरवाल्यांना फुटबॉल हा आपल्या वाचकांचा खेळ वाटत नसेल तर तो गैरसमज आहे एवढं सांगायला हवं होतं.

बाबा चौथीपर्यंत शिकलेले, मराठी शाळेत. घरात कोंकणी बोलायची आणि वाचायचं मराठी, आमच्या गावात सगळ्यांचं असंच. इंग्रजी पेपरात फुटबॉलचं पानभर यायचं, सलूनमध्ये बसून बाबा त्यातले फोटो बघायचे पण वाचता यायचं नाही, म्हणून घरी येऊन ते तुमच्या पेपरातली चार ओळींची बातमी सुद्धा कात्रीने नीट कापायचे आणि हिशेबाच्या जुन्या वहीत खळीने चिकटवायचे. प्रत्येक कात्रणाच्या वर निळ्या पेनाने तारीख आणि स्कोअर. अशा तीन वह्या आहेत.

त्यात २००४-०५ ची वही सगळ्यात जाड आहे, तर त्या सीझनचं सांगतो, कारण तो सीझन विसरला गेला तर मग बाकीच्या कपांची नुसती यादीच उरते.

डेंपोने त्या वर्षी ब्राझीलचा क्रिस्तियानो ज्युनियर आणला होता. आदल्या लीगमध्ये तो ईस्ट बंगालकडून खेळला, १५ गोल मारून सगळ्यात वर, ईस्ट बंगाल चॅम्पियन. असा माणूस आपल्याकडे आला म्हणून तिस्कच्या नाक्यावर आम्ही पोरं हवेत होतो. सीझनच्या सुरुवातीला फेडरेशन कप झाला, फायनल बंगळुरूला कंठीरवा स्टेडियममध्ये, ५ डिसेंबर २००४, रविवार. जुन्या गोव्याचं फेस्त होऊन दोन दिवस झाले होते. समोर मोहन बागान. डेंपो २-० ने जिंकली आणि दोन्ही गोल क्रिस्तियानोचे. दुसरा गोल मारताना तो मोहन बागानच्या गोलकीपरला धडकला, पडला आणि उठलाच नाही. २५ वर्षांचा होता. मैदानावर वैद्यकीय सोय कशी असते, कशी असायला हवी, यावर तेव्हा देशभर बोललं गेलं. तो गोलकीपर सुब्रत पाल, तोही जेमतेम १८ वर्षांचा पोरगा, पुढे भारताचा गोलकीपर झाला, त्याच्यावरही त्या दिवसाचं ओझं राहिलं असणार असं मला नेहमी वाटतं.

आम्हाला रात्री कळलं. नाक्यावर कोणीतरी फोनवरून ऐकून आला की कप जिंकला, म्हणून फटाके काढले होते, एक माळ लावली पण, आणि मग दुसरा माणूस आला. ती अर्धी राहिलेली माळ कोणी पायाने विझवली ते आठवत नाही पण विझवली. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा पेपर घेऊन बसले होते आणि ट्रकची पाळी असून उशिरा गेले. वहीच्या त्या पानावर बाबांनी स्कोअर लिहिलेला नाही. सगळ्या तिन्ही वह्यांत ते एकच पान असं आहे, वर फक्त तारीख.

आता विचार करा, अशा टीमला त्यानंतर लीग खेळायची होती. २२ मॅच. कोच आर्मांद कुलासो, आपला गोव्याचा माणूस, ज्याला पुढे भारताच्या टीमचा कोचही केलं आणि २०२४ चा द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. रँटी मार्टिन्स नावाचा नायजेरियाचा कोवळा पोरगा त्याच वर्षी डेंपोत आलेला, त्याच्याकडून कोणी फार अपेक्षा ठेवली नव्हती. आणि टक्कर द्यायला कोलकात्याच्याही पुढे कोण, तर आपलीच स्पोर्टिंग क्लब द गोवा. त्यांच्याकडे दुदू ओमागबेमी, त्याने त्या सीझनला २१ गोल मारले, लीगमध्ये सगळ्यात जास्त. म्हणजे देशाच्या लीगच्या टेबलात वरचे दोन्ही गोव्याचे आणि दोघांत पॉइंटचा फरक एवढासा की आज हा वर तर पुढच्या आठवड्यात तो.

फातोर्ड्याला आम्ही रविवारी जायचो. बाबांच्या बरोबरचे दोन ट्रकवाले, मी, माझा मावसभाऊ, एकाची जुनी जीप होती त्यात आठ-नऊ जण कोंबून बोरीच्या पुलावरून मडगाव. जीप नसली की कदंबा, आणि मग परतीची शेवटची बस चुकेल म्हणून मॅच संपायच्या आधी पाच मिनिटं एकाने बाहेर जाऊन बस थांबवून धरायची, तो एक जण कोण यावर जाताना वाद आणि येताना त्याला सगळा शेवट तोंडी सांगायचा. स्टेडियमबाहेर रोस-ऑमलेट, पाव बुडवून, बोटं पुसायला पेपरचा तुकडा. आत आमच्या पुढच्या रांगेत नेहमी एक म्हातारे गृहस्थ असायचे, बहुतेक कुंकळ्ळीकडचे, स्पोर्टिंगचे कट्टर, बाबा डेंपोचे कट्टर, दोघं मॅचभर एकमेकांकडे बघायचे नाहीत आणि हाफटाइमला चणे मात्र एकाच पुडीतून खायचे. डेंपोने गोल मारला की बाबा उभे राहून एकच वाक्य म्हणायचे, “ह्यो ताका” (हा त्याला). नाव घ्यायचे नाहीत. आम्हाला सगळ्यांना कळायचं कोणाला.

सीझन संपला तेव्हा डेंपो ४७ पॉइंट, स्पोर्टिंग ४५. दोन पॉइंट. डेंपोची ती पहिली नॅशनल लीग. त्या संध्याकाळच्या कात्रणावर बाबांनी स्कोअर लिहून खाली कंसात क्रिस्तियानोचं नाव लिहिलंय, त्याने त्या मॅचला गोल मारला असावा तसं. मी तेव्हा त्यांना काही विचारलं नाही आणि आता ते नाहीत.

पुढच्या सीझनांबद्दल मी एवढं लांबवत नाही, पण थोडं तरी लिहितोच. २००७-०८ ला डेंपो आणि चर्चिलचे शेवटी पॉइंट सारखे झाले आणि डेंपो वरचढ ठरली. त्याच सीझनला साळगावकर सगळ्यात खालच्यांत जाऊन लीगमधून बाहेर पडली होती आणि तीच साळगावकर परत येऊन २०११ ला, करीम बेंशरिफा कोच असताना, देशाची चॅम्पियन झाली, वर फेडरेशन कपही घेतला. चर्चिलकडे ओडाफा ओकोली होता, लागोपाठ तीन सीझन लीगमध्ये सगळ्यात जास्त गोल त्याचे. २००८ ला डेंपो एएफसी कपच्या (आशियातल्या क्लबांच्या स्पर्धेच्या) सेमीफायनलपर्यंत गेली. आणि तो नायजेरियाचा कोवळा पोरगा रँटी, २०११-१२ च्या एका सीझनला त्याने ३२ गोल मारले. बत्तीस. आमच्या घरी त्या सात वर्षांत सीझन संपला की बाबा वही मिटून म्हणायचे, “कप गोंयांतूच उरलो” (कप गोव्यातच राहिला). दर वर्षी म्हणायचे, आणि दर वर्षी खरं ठरायचं, शेवटी शेवटी आईसुद्धा त्यांच्या आधी तेच म्हणायला लागली होती.

मग हे सगळं गेलं कुठे, तर ते पण तुमच्या तरुण वाचकांना कोणीतरी मराठीत सांगायला हवं. डिसेंबर २०१० मध्ये फुटबॉल फेडरेशनने आपले सगळे व्यावसायिक हक्क १५ वर्षांसाठी ७०० कोटींना दिले. त्यातून २०१४ ला आयएसएल आली. पहिली तीन वर्षं ती दोन-अडीच महिन्यांची वेगळी स्पर्धा होती आणि देशाची अधिकृत लीग तेव्हाही आय-लीगच होती. म्हणजे बघा, तुमच्या चौकटीतल्या पहिल्या तीन सीझनचे विजेते तर त्या वर्षांचे देशाचे चॅम्पियन नव्हेतच! २०१४-१५ ला देशाचा चॅम्पियन मोहन बागान, २०१५-१६ ला बेंगळुरू, २०१६-१७ ला मिझोरामची ऐझॉल. २०१६ ला फेडरेशनने नवीन रचना मांडली की यापुढे आयएसएल वर आणि आय-लीग खाली, आणि त्या वर्षी साळगावकर, स्पोर्टिंग आणि डेंपो तिघांनी लीग सोडली. डेंपो तर नुकतीच सेकंड डिव्हिजन जिंकून परत वर आली होती. मैदानावर मिळवलेली जागा होती ती. पाच वेळा देशाची चॅम्पियन झालेली टीम आपली जागा जिंकून आली आणि खेळलीच नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

ऐझॉलचं इथे सांगायला हवं. ती टीम २०१६ ला खाली गेली होती, गोव्याचे क्लब निघाले म्हणून तिला परत घेतलं, आणि ती थेट चॅम्पियन झाली, मोहन बागानला एका पॉइंटने मागे टाकून. मला त्यांचा हेवा नाही, उलट आनंदच झाला, छोट्या राज्याने काय करता येतं ते परत एकदा दाखवलं. पण ती जागा आमची होती हेही खरं आहे.

बाबांच्या बाबतीत हे सगळं एकत्रच संपलं. २०१२ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात खाणी बंद झाल्या, ट्रक अंगणात उभा राहिला तो राहिलाच, पावसाळ्यात टायर मातीत रुतले. २०१३ चा चर्चिलचा कप हे वहीतलं शेवटचं मोठं कात्रण. त्यानंतर एखाद-दुसरी बातमी आहे, मग कोरी पानं.

कोणी म्हणेल मी जुन्याला धरून बसलोय, एफसी गोवाच्या विरोधात आहे. अजिबात नाही. माझ्या दुकानात काउंटरच्या मागे केशरी जर्सी टांगलेली आहे ती कोणीही येऊन बघावी. एफसी गोवाच्या कोरोला खेळताना मी बघितलंय, दोन सीझन ओळीने गोल्डन बूट (सगळ्यात जास्त गोल), असा स्ट्रायकर परत कधी बघेन माहीत नाही. २०१९-२० ला एफसी गोवाने लीगची शील्ड (साखळीतल्या पहिल्या नंबरची, फायनलचा कप वेगळा) जिंकली म्हणून भारताचा पहिला क्लब एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत खेळला, तो आपला क्लब, आणि २०२१ च्या एप्रिलात पहिल्याच मॅचला फातोर्ड्यात कतारच्या अल रय्यानला ०-० रोखलं, समोरच्या बाकावर फ्रान्सचा नावाजलेला लॉरां ब्लां कोच म्हणून बसलेला. कोविडमुळे स्टेडियम रिकामं होतं, मी घरात टीव्हीपुढे एकटाच उभा राहून टाळ्या वाजवल्या. सुपर कप २०१९ ला घेतला, २०२५ ला परत घेतला. आणि ती शील्ड आली तेव्हा शेवटच्या मॅचना टीमच्या बाजूला कोच म्हणून कोण उभा होता, तर क्लिफर्ड मिरांडा, आमच्या डेंपोचा क्लिफर्ड. म्हणजे धागा तुटलेला नाहीच. फक्त चौकट करणाऱ्याला तो दिसला नाही.

आमच्या फोंड्यात संध्याकाळी मैदानावर या, दहातल्या चार पोरांच्या अंगात लिव्हरपूलची जर्सी असते. त्यांना विचारा तुमच्या टीमने लीग किती वेळा जिंकली, झोपेतून उठून सांगतील, वीस वेळा. प्रीमियर लीग सुरू झाली १९९२ ला आणि त्या वीसपैकी अठरा त्याच्या आधीच्या आहेत, लीगचं नावही तेव्हा वेगळं होतं. तिथे कोणी म्हणत नाही की लिव्हरपूलने लीग दोनदाच जिंकली. कारण तिथल्या पेपरांनी कधी तसं छापलं नाही. आमच्या पोरांना हजारो मैलांवरच्या गावाचे अठरा जुने कप पाठ आहेत आणि आपल्या फातोर्ड्यात आलेले नऊ माहीत नाहीत, याला पोरं काय करतील, त्यांना ते कुठे वाचायलाच मिळालं नाही.

लीगची नावं बदलत राहणार. २०२५-२६ चा सीझन ठरल्या वेळी सुरूच झाला नाही, तोच १५ वर्षांचा करार संपत आला होता आणि पुढचं काही ठरलं नव्हतं म्हणून. उद्या आणखी नवीन करार होईल, आणखी नवीन नाव येईल, तेव्हा काय आयएसएलची शील्डसुद्धा मोजायची नाही? मग तर आपल्या खात्यात काहीच उरणार नाही.

मी हिशेबात लबाडी करत नाही हेही सांगतो. चर्चिल २०२४-२५ ला आय-लीगमध्ये पहिल्या नंबरवर होती, नंतर प्रकरण आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादापर्यंत गेलं आणि जुलै २०२५ ला चॅम्पियन इंटर काशी ठरली. तो कप मिळाला असता तरी मी नऊचे दहा केले नसते, कारण तोपर्यंत आय-लीग दुसऱ्या पायरीवर गेली होती. संतोष ट्रॉफी गोव्याने पाच वेळा जिंकली तीही मी यात धरली नाही, ती राज्यांची स्पर्धा. फेडरेशन कप, ड्युरँड, काही धरलं नाही. निव्वळ देशाची वरची लीग, तेवढीच मोजली तरी नऊ.

तर माझ्या दोन मागण्या आहेत. एक, ती चौकट दुरुस्त करून परत छापा, त्याच पानावर, तेवढ्याच आकारात, १९९६-९७ पासूनची पूर्ण यादी. आयएसएलची वेगळी द्यायची तर द्या पण तिला तिच्या नावाने द्या.

दोन, पुढचा सीझन सुरू होईल तेव्हा आठवड्याला एक असा जुना एकेक सीझन मराठीत लिहून काढा. नऊ कप, नऊ आठवडे. ते बघितलेली माणसं अजून आहेत, डेंपोचे, साळगावकरचे, चर्चिलचे खेळलेले खेळाडू इथेच राहतात, बाजारात भेटतात, कोणी कोच आहे कोणी नोकरीत. त्यांना जाऊन विचारा. स्पोर्टिंगच्या लोकांनाही विचारा, दोन पॉइंटने गेलेली लीग त्यांच्याकडून ऐकायला हवी. वाचकांना आवाहन करा, माझ्या बाबांसारखे कात्रणं जपणारे वास्कोत असतील, पेडण्यात असतील, काणकोणात असतील. वह्यांना वाळवी लागते हो, माझ्या पहिल्या वहीची १९९९ च्या साळगावकरच्या कपाची दोन पानं गेलीच, त्यावर ब्रुनो कुतिन्योचा फोटो होता एवढं फक्त मला आठवतं.

उरलेल्या वह्या मी घेऊन येतो. सोमवारी दुकान बंद असतं, त्या दिवशी तुमच्या ऑफिसात आणतो, तुमच्या माणसासमोर बसतो, पाहिजे ती पानं स्कॅन करून घ्या, झेरॉक्स काढा. पानं उलटताना जरा सांभाळून, खळ सुकून कात्रणं सुटायला लागलीत. ५ डिसेंबरचं पान मात्र मी स्वतः उलटून दाखवीन. आणि संध्याकाळी वह्या मला परत हव्यात, आईने तसं बजावून सांगितलंय.

आपला,
एक जुना वाचक
तिस्क-उसगाव, फोंडा